न पाहिलेल्या जिवांचे मोल

एखाद्या जिवाचे मोल कशावरून ठरते? तो आपल्या उपयोगी पडतो यावरून, की तो आहे एवढ्यावरूनच? प्रश्न वरकरणी तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटेल. पण आम्हा विंचूरकरांच्या रोजच्या व्यवहारात त्याचे उत्तर कधीच देऊन झालेले असते. कांद्याचे मोल लिलावात ठरते, द्राक्षाचे मण्याच्या आकारावर आणि गोडीवर. जे उपयोगाचे नाही ते तण, जे नुकसान करते ती कीड, आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते जणू नाहीच. ही वाटणी शेतकऱ्याला शोभणारी आहे. तिच्यावाचून शेती होणार नाही. परंतु ती शेताच्या बांधापाशी थांबते, की आपल्या नकळत साऱ्या सृष्टीला लागू होते, हे एकदा तपासून पाहायला हवे. त्यासाठी आम्ही मुद्दाम असा जीव निवडला आहे, जो आमच्या उपयोगाचा नाही, उपद्रवाचा नाही, आणि ज्याचे दर्शन आमच्यापैकी बहुतेकांना जन्मात घडणार नाही. तो म्हणजे हिमालयातील हिमनद्यांच्या पृष्ठभागावर राहणारा जीवाणू.

बर्फाशी आमच्या भागाचे नाते वैराचेच आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने नाशिकसह महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत हाताशी आलेले पीक आडवे केले, ते कोणी विसरलेले नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली उतरला, तेव्हा मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाबागांतून शेकोट्या पेटल्या. अशा माणसांना बर्फ म्हणजे मृत्यू वाटला तर नवल नाही. शास्त्रज्ञांनाही फार काळ असेच वाटत होते. डोंगरमाथ्यावरच्या हिमनद्या म्हणजे पाण्याचे गोठलेले, निर्जीव साठे, असाच समज रूढ होता.

या समजाला तडा गेला तो एका काळ्या धुळीमुळे. १८७० साली स्वीडिश संशोधक नोर्देनशोल्ड ग्रीनलंडच्या हिमावर फिरत असता त्यांना बर्फात जागोजागी नळीसारखे उभे खळगे दिसले. खळग्यांत पाणी होते आणि तळाशी काळसर गाळ. त्यांनी त्या गाळाला ‘क्रायोकोनाइट’, म्हणजे ‘हिमधूळ’, असे ग्रीक शब्दांवरून नाव दिले. त्या गाळात सूक्ष्म जीव होते. पुढे असेच खळगे आल्प्समध्ये, हिमालयात आणि अंटार्क्टिकातही आढळले.

हा खळगा घडतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्याने उडालेली माती, खडकांचा भुगा आणि काजळी बर्फावर येऊन बसते. ताजे पांढरे हिम आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परतवून लावते. काळी धूळ मात्र तो शोषून घेते. ती तापते, तिच्याखालचे हिम वितळते आणि ती हळूहळू खाली उतरते. त्या वाटीभर पाण्यात नीलहरित जीवाणू वस्ती करतात. त्यांचे सुतासारखे तंतू आणि अंगातून पाझरणारा चिकट द्रव यांनी धुळीचे कण एकत्र बांधले जातात आणि मोहरीएवढ्या गोळ्या तयार होतात. सूर्यप्रकाश आणि हवा यांवर हे जीवाणू आपले अन्न शिजवतात. त्यांच्या उरल्यासुरल्यावर दुसरे जीवाणू जगतात. त्यांच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे काही प्राणी. करंगळी बुडेल एवढ्या पाण्यात एक पूर्ण गाव नांदते. त्या गावात पेरणारे आहेत, खाणारे आहेत आणि मेलेल्यांची माती करणारेही आहेत.

एवढ्या थंडीत ते गोठत कसे नाहीत? याचे उत्तर आमच्या स्वयंपाकघरात सापडते. थंडीच्या दिवसांत तुपाचा डबा दगडासारखा घट्ट होतो. करडईचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही स्निग्धच, फरक आहे तो त्यांच्या घडणीत. सजीवाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. ते तुपासारखे थिजले तर आतबाहेरची देवाणघेवाण बंद पडते आणि पेशी मरते. हिमनदीवरच्या जीवाणूंनी आपले आवरण तेलाच्या जातीचे करून घेतले आहे. काहींजवळ बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिने असतात. काही जण उंचावरच्या प्रखर उन्हापासून बचावासाठी लाल-पिवळी रंगद्रव्ये अंगी बाळगतात. हिवाळ्यात सारे हिमाखाली गाडले जाते, तेव्हा ते निजतात. उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत पाणी सुटले की पुन्हा कामाला लागतात.

हे दुबळे जीवन इतरांनाही पोसते. १९८४ मध्ये जपानी संशोधक शिरो कोहशिमा यांनी नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील याला हिमनदीवर एक चिलटाच्या जातीचा कीटक शोधून काढला. त्याचे पंख खुरटलेले असल्यामुळे तो उडत नाही, बर्फावर चालतो; शून्याखाली १६ अंशांतही तो चालताना दिसला. त्याच्या अळ्या हिमनदीवरच वाढतात, आणि त्यांचे अन्न म्हणजे तेथलेच जीवाणू व शेवाळ. ज्याला आपण उजाड बर्फ म्हणत होतो, ते कोणाचे तरी शेत होते.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी हिमाचल प्रदेशातील हामटा आणि उत्तराखंडातील पिंडारी या हिमनद्यांवरून आणलेल्या नमुन्यांत नव्या जातींचे जीवाणू ओळखले. एकाला २००५ मध्ये ‘डायाडोबॅक्टर हामटेन्सिस’ आणि दुसऱ्याला २००८ मध्ये ‘लाइफसोनिया पिंडारिएन्सिस’ अशी नावे मिळाली. माणसाच्या नावापुढे गावाचे नाव लागावे, विठ्ठल शिवदेवांना विंचूरकर म्हणावे, तशी ही नावे आहेत. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने अंटार्क्टिकातील असल्याच खळग्यांचा अभ्यास केला आहे. याच केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत सुमारे १३,५०० फुटांवर ‘हिमांश’ नावाचे संशोधन ठाणे उभारले. तिबेटच्या पठारावरील २१ हिमनद्यांच्या अभ्यासात सूक्ष्मजीवांच्या ९६८ जातींची नोंद झाली, आणि त्यांतील बहुतेक विज्ञानाला नव्या होत्या. ही नोंद २०२२ ची आहे.

म्हणजे आपली त्यांची ओळख नुकतीच होते आहे. आणि नेमक्या याच वेळी त्यांचे घर मोडते आहे. हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये इशारा दिला, की तापमानवाढ अशीच चालू राहिली तर या शतकाच्या अखेरीस येथील हिमनद्यांचे आकारमान ८० टक्क्यांपर्यंत घटू शकेल. वर उल्लेखिलेली याला हिमनदी १९७० च्या दशकापासून सुमारे दोन-तृतीयांश आटली आहे. मे २०२५ मध्ये बौद्ध भिक्षू, गावकरी आणि शास्त्रज्ञ तिच्या पायथ्याशी जमले आणि त्यांनी तिच्या स्मृतीसाठी शिळा बसवल्या. मरणासन्न माणसाला निरोप द्यावा तसा तो निरोप होता. कीटकाचा शोध लागल्याला तेव्हा जेमतेम ४१ वर्षे झाली होती.

येथे एखादा वाचक शांतपणे विचारील: बर्फ वितळला तर पाण्याची चिंता करावी हे समजते, पण जीवाणूंसाठी कोणी हळहळावे काय? ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. आम्ही स्वतः पाणी उकळून पितो, हात साबणाने धुतो, ताप आलेल्या लेकराला डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक औषध वेळेवर पाजतो. केवड्याची चाहूल लागली की बागेवर बोर्डो मिश्रण फवारतो, आणि त्या एका फवारणीत पानांवरचे किती निरुपद्रवी सूक्ष्मजीव मरतात याची गणती कोणी करीत नाही. जो प्रत्येक जीवाणूला माणसाइतका हक्क देऊ पाहील, त्याला एक दिवसही जगता येणार नाही. तो विचार कितीही करुणेचा वाटला तरी खरा नव्हे. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईसमोर तो मांडताही येणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर उपयोगाचे असते. हे जीवाणू जपा, कारण त्यांच्यापासून उद्या नवे औषध मिळेल, थंड पाण्यात कपडे धुणारे विकर मिळेल. यात तथ्य आहे, पण हे उत्तर आम्हाला पुरे वाटत नाही. ते खरे मानले तर ज्या जीवाणूपासून औषध मिळणार नाही त्याला मरू देण्यास हरकत नाही, असे ठरते. पाण्याचे उत्तरही विंचुरात लागू पडत नाही. गंगेकाठच्या शेतकऱ्याचा हिमनदीशी स्वार्थ जुळलेला आहे; आमची गोदावरी मात्र त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, आणि आमच्या विहिरींना पाणी येते ते मृगापासूनच्या पावसाचे. हिमनदीचा एक थेंबही आमच्या ओंजळीत पडत नाही. म्हणूनच हा प्रश्न आम्हाला निव्वळ नीतीचा प्रश्न म्हणून विचारता येतो. ज्याच्यापासून आपल्याला काही मिळायचे नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

आमच्या मते लागतो. आणि ते का, हे सांगताना आधी काळाचा विचार करावा लागेल. पृथ्वीवर सूक्ष्मजीव सुमारे ३५० कोटी वर्षांपासून आहेत. माणसाने जीवाणू प्रथम पाहिले ते १६७० च्या दशकात, लेव्हेनहूक नावाच्या एका डच कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून. मोल जर पाहणाऱ्या माणसावर अवलंबून असेल, तर ती सारी कोट्यवधी वर्षे परमेश्वराची सृष्टी मोलावाचून पडून होती असे म्हणावे लागेल. आमच्या वेदीवरचा द्राक्षारसच पाहा. मण्यातील साखरेचा द्राक्षारस करणारे किण्व जिवंत असते, हे लुई पाश्चरने दाखवून दिले ते एकोणिसाव्या शतकात. त्याआधी अठराशे वर्षे धर्मगुरू तोच प्याला हाती घेत होते आणि कोणाही पाहणाऱ्यावाचून ते किण्व आपले काम करीत होते. आपल्याला दिसू लागल्याने ते मोलाचे झाले नाही. ते होतेच, आपल्याला कळले उशिरा.

पवित्र शास्त्रात हा विचार फार जुना आहे. दुःखाने गांजलेला ईयोब देवाला जाब विचारतो, तेव्हा देव त्याला त्याच्या दुःखाचे कारण सांगत बसत नाही. तो त्याला सृष्टीच्या दूरच्या कोपऱ्यांत घेऊन जातो. हिमाची भांडारे तू पाहिलीस काय, असे विचारतो. जेथे माणसाची वस्ती नाही त्या रानावरही पाऊस पडतो, याची आठवण देतो. त्या पावसावर कोणाचेही पीक येत नाही, तरी तो पडतो. दानिएलाच्या ग्रंथात भट्टीत टाकलेले तिघे तरुण देवाचे स्तवन करताना हिमाला आणि गारठ्यालाही त्या स्तवनात बोलावतात. आगीत उभे राहून त्यांनी बर्फाची आठवण काढावी, हे चिंतनाला योग्य आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात तर बुरशी, शेवाळ, किडे यांच्या बरोबरीने सूक्ष्मजीवांचा नाव घेऊन उल्लेख केला, आणि माणसाला उपयोग असो वा नसो, प्रत्येक जातीला स्वतःचे मोल आहे हे स्पष्ट केले.

परंतु मोल आहे असे म्हटल्याने बोर्डो मिश्रणाचा प्रश्न सुटत नाही. मोल असलेल्या जिवालाही आपण मारतो; मग भेद कोठे करायचा? आम्हाला तो ‘गरज’ आणि ‘सोय’ या दोन शब्दांत सापडतो. लेकराच्या फुप्फुसातला जंतू आणि बागेतला केवडा यांच्याशी आपला झगडा आहे. तेथे मारणे ही गरज आहे. हिमनदीवरच्या जीवाणूशी आपले काही भांडण नाही. तो आपल्या अन्नात वाटेकरी नाही, आपल्या अंगणात आलेला नाही. त्याचे घर मोडते ते त्याला मोडायचे म्हणून नव्हे, तर आपले लक्षच नव्हते म्हणून. न्यायालयात हेतू नसणे ही सवलत ठरेल; सदसद्विवेकबुद्धीपुढे मात्र लक्ष न देणे हाही एक दोषच आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला ओलांडून गेलेल्या दोघांनी त्याला मारले नव्हते. ते केवळ दुसऱ्या बाजूने निघून गेले होते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हिमयुगे आली आणि गेली, असंख्य जाती माणूस जन्मण्यापूर्वीच नाहीशा झाल्या. मग या थोड्यांचे काय? परंतु प्रत्येक माणूस एक दिवस मरतो, म्हणून कोणाला मारणे निर्दोष ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: हे जीवाणू स्वतःच बर्फ काळा करतात आणि वितळवतात, मग आपणच तेवढे अपराधी कसे? हे खरे आहे, की त्यांच्या गडद रंगाने हिमाची झीज वाढते. पण आपण काय करतो हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते करण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग नाही. आपल्याला दोन्ही गोष्टी लाभल्या आहेत, ज्ञान आणि निवड. शुभवर्तमानातील कारभाऱ्यांच्या दाखल्यांचा रोख हाच आहे: हिशेब त्याच्याकडे मागितला जातो, ज्याच्या हाती काही सोपवले होते.

हे जीव काचेच्या कुपीत जपता येतील, असेही कोणी सुचवील. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात अशा लाखाहून अधिक सूक्ष्मजीवांचा साठा सुकवून आणि गोठवून ठेवलेला आहे. हे काम मोलाचे आहे. आग लागल्या घरातून जे काढता येईल ते काढावेच. पण हामटाचा जीवाणू कुपीत उरला आणि हामटावर बर्फ उरला नाही, तर त्याच्या नावातले गाव गेले. धरणाखाली घर गेलेल्या माणसाला विचारावे, की बोचके वाचले म्हणजे गाव वाचले काय. शिवाय ज्यांची नावेही आपण ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी कुपी नाही.

मग विंचुरात राहून करायचे काय? निफाडच्या शेकोटीची काजळी हिमालयावर जाऊन बसते, असा आमचा दावा नाही; तेथली काजळी मुख्यतः उत्तरेकडच्या मैदानातील चुली, वीटभट्ट्या, डिझेल आणि जाळलेले पाचट यांची आहे. परंतु जाळलेल्या कोळशाचा आणि डिझेलचा वायू कोणत्याही तालुक्याचा राहत नाही. तो साऱ्या आकाशाचा होतो. आमची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवणारी शीतगृहे ज्या विजेवर चालतात, ती आपल्या राज्यात बहुतांशी कोळशाची आहे. म्हणजे आपल्या मण्याभोवती थंडी राखताना आपण दूरच्या डोंगरावरची थंडी थोडी थोडी खर्च करतो. द्राक्षे पिकवू नयेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांवर घरे चालतात, मुले शिकतात. आम्ही एवढेच म्हणतो, की खर्च होतो आहे हे ठाऊक असावे, आणि गरज कोठे संपते व सोय कोठे सुरू होते याचा शोध प्रत्येकाने आपापल्या घरी घ्यावा.

कडाक्याच्या पहाटे बाग वाचवण्यासाठी पेटवलेली शेकोटी ही गरज आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बांधावर ढीग करून काड्या पेटवून देणे ही सोय आहे. त्याच काड्यांचा भुगा करून सरीत टाकला तर मातीतले असंख्य न दिसणारे जीव त्यांचे खत करतात. विनाकारण जळणारा दिवा, रिकामा धावणारा पंप, चालत जाता येईल तेथे काढलेली गाडी, यांची यादी आम्ही देत बसत नाही. ती ज्याची त्याला ठाऊक असते.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी, ‘लाउदातो सी’ला दहा वर्षे झाल्यानिमित्त कास्तेल गांदोल्फो येथे भरलेल्या परिषदेत पोप लिओ चौदावे यांनी ग्रीनलंडहून आणलेल्या, वितळत असलेल्या बर्फाच्या एका मोठ्या तुकड्याला आशीर्वाद दिला. जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र आले आणि काहींना ते चमत्कारिक वाटले. आम्हाला त्यात चमत्कारिक काही दिसत नाही. शेताला, बैलाला, बियाण्याला आशीर्वाद देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण ती सारी आपल्या कामाची. येथे प्रथमच आपल्या कामाच्या नसलेल्या गोष्टीवर हात ठेवला गेला. आशीर्वाद म्हणजे उपयोगाची पावती नव्हे. हेही देवाचे आहे, अशी ती कबुली आहे. एवढी कबुली आपण दिली, तर बांधावरच्या काड्यांना काडी लावण्यापूर्वी हात क्षणभर थांबेल. नीतीची सुरुवात त्या थांबलेल्या हातापासून होते.